जाळे कोणी कापले?



डिसेंबर महिना उजाडला की आपल्या शाळेत दोन गोष्टींची चाहूल लागते. एक म्हणजे स्नेहसंमेलनाची तयारी आणि दुसरी नाताळची सुट्टी. सुट्टीत सकाळी उशिरापर्यंत पांघरुणात बसून टीव्हीवर कार्टून पाहणे हा तर तुम्ही तुमचा हक्कच मानता! या दिवसांत नाताळनिमित्त खास कार्टून-चित्रपट दाखवले जातात. त्यांत बर्फ असतो, घंटा असतात, सांताक्लॉज असतो आणि बहुतेक वेळा एखादा एकटा पडलेला प्राणी असतो. त्याला कोणीतरी मित्र भेटतो आणि शेवट गोड होतो.

अशा चित्रपटांत सर्वांत प्रसिद्ध आहे तो लाल नाकाच्या रुडॉल्फचा. रुडॉल्फ हे रेनडिअर जातीचे, म्हणजे बर्फाळ प्रदेशातले हरिण. त्याची गोष्ट १९३९ साली अमेरिकेत रॉबर्ट मे या लेखकाने लिहिली. तो शिकागोच्या एका मोठ्या दुकान-कंपनीत जाहिराती लिहीत असे. नाताळात दुकानात येणाऱ्या मुलांना फुकट वाटण्यासाठी कंपनीने त्याच्याकडून हे पुस्तक लिहून घेतले. पुढे ६ डिसेंबर १९६४ रोजी या गोष्टीवरचा चित्रपट अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवला गेला. तो हाताने काढलेल्या चित्रांचा नाही. छोट्या बाहुल्या किंचित हलवायच्या, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायच्या, अशा पद्धतीने त्याचे काम जपानमध्ये झाले. अमेरिकेत दर वर्षी नाताळच्या सुमारास तो आजही दाखवतात.

गोष्ट अशी. रुडॉल्फचे नाक दिव्यासारखे लाल चमकते, म्हणून बाकीची हरणे त्याला चिडवतात, खेळायला घेत नाहीत. पुढे नाताळच्या रात्री दाट धुके पडते. सांताला वाट दिसेना. तेव्हा रुडॉल्फच्या नाकाचा उजेड कामी येतो आणि सगळे त्याचे कौतुक करू लागतात. गोष्ट गोड आहे. पण मला ती वाचताना दर वेळी एक खटकते. धुके पडलेच नसते तर? रुडॉल्फचा उपयोग झाला नसता तर त्याला कोणी खेळायला घेतले असते का? टीव्हीवरच्या चित्रपटात मात्र एक चांगली भर आहे. घरून निघून गेलेल्या रुडॉल्फला वाटेत एक मित्र मिळतो. खेळणी बनवण्याऐवजी दातांचा डॉक्टर व्हायची इच्छा असलेला हा बुटका कारागीरही सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला असतो. हे दोघे एकमेकांचा उपयोग न पाहताच मित्र होतात.

आपल्याकडचा सात मिनिटांचा चित्रपट

आता तुम्ही विचाराल, प्राणी-पक्ष्यांची, मैत्रीची आणि दयेची अशी एखादी कार्टून-गोष्ट आपल्याकडे झाली नाही का? झाली आहे, आणि तुमच्या आई-वडिलांना ती बहुधा तोंडपाठ असेल. आज घरी गेल्यावर त्यांना फक्त 'एक अनेक और एकता' एवढे नाव सांगा आणि त्यांचा चेहरा पाहा!

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने हा जेमतेम सात मिनिटांचा हिंदी अ‍ॅनिमेशनपट काढला. दूरदर्शन ही एकच वाहिनी होती त्या काळात तो वर्षानुवर्षे दाखवला जाई. कार्यक्रम अधेमध्ये थांबला की तो लागे आणि घरातली मुले हातातले काम टाकून टीव्हीपुढे बसत. त्याला शैक्षणिक चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

गोष्ट साधी आहे. काही मुले आपल्या ताईबरोबर खेळत असतात. त्यातला लहानगा विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई आकाशातला सूर्य आणि तारे, झाडावरची खार, फुलपाखरे दाखवत 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक सांगते. मग ती चिमण्यांची गोष्ट सांगू लागते. दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्या पारध्याच्या जाळ्यात सापडतात. एकटी चिमणी जाळे उचलू शकत नाही. पण सगळ्यांनी एकदम पंख मारल्यावर जाळे घेऊनच त्या उडतात. दूरच्या एका गावी त्यांचे मित्र उंदीर राहत असतात. ते जाळे कुरतडतात आणि चिमण्या सुटतात. गोष्ट संपताच मुलांच्या मनात येते, आपणही एकत्र आलो तर झाडावरचे आंबे काढता येतील की! मग युक्ती लढवून सारी मिळून आंबे काढतात आणि शेवटी देशाच्या एकतेचे गाणे होते.

अक्कांची कामगिरी

हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याच्या दिग्दर्शिका मराठी होत्या, ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. त्यांचे नाव विजया मुळे. सारे त्यांना 'अक्का' म्हणत. त्यांचा जन्म मुंबईत १६ मे १९२१ रोजी झाला. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. मुंबईची मराठी मुलगी बिहारमध्ये रुळली, तिथेच त्यांना चित्रपटांची गोडी लागली आणि तिथल्या फिल्म सोसायटीच्या कामात त्या पडल्या. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला. परत आल्यावर केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी केली. १९५९ साली देशातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते आणि स्थापनेच्या कामात विजयाबाईंचा मोठा वाटा होता. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. विजयाबाईंचे निधन १९ मे २०१९ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी दिल्लीत झाले.

त्यांचे दुसरे एक काम आपल्या भागाच्या जवळचे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारताने उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. मध्यप्रदेशातील निवडलेली खेडी छत्तीसगढ भागात होती. तेव्हा तो भाग आपल्याच राज्यात होता. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम असत. ते तयार करण्याच्या कामात विजयाबाई आघाडीवर होत्या. ज्या मुलाने कधी टीव्ही पाहिला नाही त्याला काय दाखवावे, कसे दाखवावे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

चित्रपटाची चित्रे आणि हालचाली भीमसेन यांच्या. ते फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रे रंगवता रंगवता अ‍ॅनिमेशन शिकले. पुढे त्यांनी १९७७ साली 'घरौंदा' हा चित्रपटही दिग्दर्शित केला. संगीत वसंत देसाई यांचे. शेवटचे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. आणि त्यातला गोड बालस्वर आहे साधना सरगम यांचा. त्या मूळच्या कोकणातल्या दाभोळच्या. तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्याच होत्या, म्हणजे आपल्या पहिलीतल्या मुलांएवढ्या!

चित्र हलते कसे?

कार्टूनमधली चिमणी खरोखर उडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मग ती उडताना कशी दिसते? चित्रपटाच्या पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रे एकामागून एक येतात. आपल्या डोळ्यांना आणि मेंदूला ती वेगवेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून सलग हालचाल झाल्यासारखी वाटते. सात मिनिटांचे सेकंद होतात ४२०. त्यांना २४ ने गुणा. उत्तर येते १०,०८०. एकच चित्र दोनदा टिपण्याची सोय असते. तशी ती वापरली तरी ५,०४० चित्रे लागतात. मागची झाडे आणि आकाश यांचे चित्र एकदाच रंगवून ठेवतात. चिमणी पारदर्शक कागदावर काढून त्यावर ठेवतात आणि फक्त तीच बदलत जातात. हे सारे काम त्या काळी संगणकाशिवाय, हातानेच होत असे.

घरी करून पाहायचे असेल तर जुन्या वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर एक चिमणी काढा. पंख प्रत्येक पानावर थोडे वर, थोडे खाली. वीस-पंचवीस पाने झाली की अंगठ्याने भराभर सोडा. चिमणी उडेल!

या कलेत मराठी माणसे फार आधीपासून आहेत. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना पडद्यावर हलवून दाखवले. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबू काका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला. १९५७ साली फिल्म्स डिव्हिजनने जातककथेवरून 'द बनियन डियर' काढला. कळपातल्या गाभण हरिणीऐवजी स्वतःचा जीव द्यायला तयार होणाऱ्या हरिणराजाची ती गोष्ट. म्हणजे प्राण्यांच्या तोंडून दयेची गोष्ट सांगणे हे आपल्याकडे काही नवे नाही.

पाचवीतला प्रश्न

या डिसेंबरात मी पाचवीच्या मुलांना हा चित्रपट शाळेतल्या संगणकावर दाखवला. मुले खूश झाली. मी नेहमीप्रमाणे विचारले, "यातून काय शिकलात?" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, "एकी हेच बळ!" मी पुढच्या विषयाकडे वळणार, तेवढ्यात एका मुलीने आपल्या बालाघाटी मराठीत विचारले, "मॅडम, चिड़िया तर सगळ्या एक झाल्याच होत्या. मग उंदरांची काय गरज?"

खरे सांगते, माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. इतकी वर्षे हा चित्रपट पाहूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. घरी जाऊन मी पंचतंत्र उघडले.

चिमण्यांची ही गोष्ट मूळची पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातली आहे. तिथे कबुतरे आहेत आणि त्यांचा राजा चित्रग्रीव आहे. या तंत्राचे नावच 'मित्रसंप्राप्ती', म्हणजे मित्र मिळवणे असे आहे. एकीपेक्षा तिथे मैत्रीला मान आहे. कबुतरे जाळ्यासकट उडतात तेव्हा पारधी त्यांच्यामागे धावतो. त्याचा हिशेब सरळ असतो. ही आत्ता एक आहेत. पण भांडायला लागली की खाली पडतील. कबुतरे भांडत नाहीत, पण सुटतही नाहीत. जाळे अंगावर घेऊन किती वेळ उडणार? चित्रग्रीव त्यांना आपल्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे नेतो. हिरण्यक आधी राजाचे पाश कुरतडायला लागतो. तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे शेवटी. मित्राचे दात दुखतील, तो दमेल आणि काही जण तसेच राहतील, याची त्याला काळजी असते.

जातककथांमध्ये अशीच एक गोष्ट लावे पक्ष्यांची आहे. तेही जाळे घेऊन उडतात आणि काटेरी झुडपावर टाकून निसटतात. पण एके दिवशी एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, तेवढ्यावरून भांडण जुंपते, जाळे कोणीच उचलत नाही आणि सगळे पकडले जातात. त्यांच्यात एकी होती तोवर ते वाचले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितले, "तुझा प्रश्न बरोबर आहे. एकीने चिमण्या उडाल्या. पण त्यांना सोडवले ते मित्रांनी. आणि ते मित्र त्यांच्या जातीचे नव्हते."

उंदीर कोण होणार?

मग ठरले की स्नेहसंमेलनात हीच गोष्ट नाटुकल्यात करायची. जाळे म्हणून एक जुनी साडी आणली. चिमणी व्हायला सगळे तयार. उंदीर व्हायला कोणीच नाही! शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरी गोंडी बोलतात. जूनमध्ये तो आपल्या शाळेत आला. मराठीच्या तासाला तो गप्प असे. तो अभ्यासात कच्चा आहे असे मी धरून चालले होते. त्याला मराठी नीट कळत नाही आणि विचारायला तो लाजतो, हे मला सहा महिन्यांत उमगले नाही. ही चूक माझी.

तालमीत चिमण्या साडी जोरजोरात ओढू लागल्या. त्यावर तो हसला आणि हिंदीत म्हणाला, असे ओढले की जाळे आणखी आवळते. त्याचे वडील नदीवर मासे धरतात. अडकलेले जाळे कसे सोडवायचे ते त्याने दाखवले. ओढायचे थांबायचे, फास कुठे बसला ते पाहायचे, मग तेवढाच सैल करायचा. सगळी मुले त्याच्याभोवती गोळा झाली. आता नाटुकल्यात उंदीर नुसते कुरतडत नाहीत. मुख्य उंदीर आधी चिमण्यांना म्हणतो, "ओढू नका, शांत बसा." हे वाक्य पंचतंत्रातही नाही आणि चित्रपटातही नाही. ते आमच्या शेवटच्या बाकावरून आले.

मला रुडॉल्फ पुन्हा आठवला. त्या मुलाचा उपयोग झाला म्हणून आम्ही त्याला जवळ केले असे तर नाही ना? म्हणून वर्गात आम्ही आणखी एक ठरवले आहे. मधल्या सुट्टीत कोणी एकटा बसला असेल तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसायचे. तो काय करू शकतो ते नंतर कळेलच.

नदीच्या दोन्ही काठांवर

पालकहो आणि विश्वस्त मंडळातील मान्यवरहो, हा विषय फक्त पाचवीच्या वर्गाचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आपला बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या सभांमधून 'समाजाची एकता' हा शब्द आपण सतत ऐकतो. तो योग्यच आहे. एकी नसती तर ही शाळा उभी राहिली नसती, मराठीचा तास टिकला नसता. पण हिंदी, पोवारी, गोंडी बोलणारे शेजारी आपल्या अडीअडचणीला धावून आले नसते, तर आपण इतक्या पिढ्या इथे सुखाने राहिलो असतो का?

आपल्या भागात याचे एक जिवंत उदाहरण आहे, तेही पक्ष्यांचेच. बालाघाट आणि गोंदिया जिल्ह्यांत सारस पक्षी राहतात. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगातला सर्वांत उंच. त्यांच्या जोड्या वर्षानुवर्षे एकत्र राहतात. पावसाळ्यात ते पाणथळ जागी, बरेचदा धानाच्या बांधीतच घरटे करतात. बहुधा दोन अंडी घालतात आणि नर-मादी मिळून महिनाभर उबवतात. दोघांची एकी एवढी पक्की, तरी विजेच्या तारा, शेतातली कीटकनाशके आणि आटत जाणारे तलाव यांपुढे त्यांचे काही चालत नाही. तिथे माणूसच लागतो. ज्याच्या बांधीत घरटे आहे तो शेतकरी तेवढा तुकडा तसाच सोडतो, राखण करतो, तेव्हा पिल्ले जगतात. उन्हाळ्यात सारस मोजले जातात तेव्हा वैनगंगा आणि वाघ नदीच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन राज्यांची माणसे पहाटे उठून हे काम करतात. सारसाला राज्याची सीमा कळत नाही. तो सकाळी इकडे चरतो आणि संध्याकाळी तिकडे जातो.

तर मुलांनो, या सुट्टीत तीन गोष्टी करा. आई-बाबांबरोबर बसून 'एक अनेक और एकता' पाहा आणि त्यांच्या लहानपणच्या आठवणी विचारा. आजी-आजोबांकडून चित्रग्रीवाची गोष्ट पूर्ण ऐका. आणि तुमच्या गल्लीत तुमची भाषा न बोलणारे एखादे मूल असेल तर त्याच्या भाषेत 'मित्र' या शब्दाला काय म्हणतात ते विचारून या. जानेवारीत शाळा उघडली की हे सारे शब्द आपण वर्गाच्या फळ्यावर लिहू.

स्नेहसंमेलनाला सर्वांनी अगत्याने यावे. पाचवीचे उंदीर आपली वाट पाहत आहेत!